प्रभूच्या नावावर केलेली घाई

मंडळी, आज बोम्मसंद्र्याच्या आमच्या मराठी प्रार्थनासभेत मी घोळ घातला.

आमच्याच सभेतल्या रूथला मी लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "प्रार्थना करतेय, थांब." मला थांबवेना. आज साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "प्रभूने मला दाखवलंय, रूथच माझी बायको होणार!"

रूथ जागेवरूनच म्हणाली, "मला नाही दाखवलं अजून. त्याचं नाव पुढे करून मला घाई करू नकोस."

डोकं तापलं, तडक बाहेर पडलो. पण खरं सांगू? प्रभूने काहीच दाखवलं नव्हतं. घाई माझीच होती.

तिला मेसेज केला, "चुकलो. आता विचारणार नाही." उत्तर अजून आलेलं नाही.

वाट बघताना तुम्ही काय प्रार्थना करता? मला "लवकर" यापलीकडे काही सुचत नाहीये.