बासष्ट नंबरचे खाडे

निपाणीत मी एका शाळेत कारकून होतो. पगारात घर भागत नव्हते, म्हणून ऐंशी सालच्या सुमारास संध्याकाळी पाच ते सात एका तंबाखूच्या वखारीत हजेरी उतरवण्याचे काम धरले. वखारीत तंबाखू चाळायला नव्वदएक बायका येत. प्रत्येकीला नंबर कोरलेला पितळी बिल्ला दिलेला असे. सकाळी आत शिरताना तो पेटीत टाकायचा. मुकादम त्यावरून चिठ्ठी लिहून ठेवी आणि संध्याकाळी मी ती मोठ्या वहीत उतरवी. बायका मागच्या फाटकाने येत-जात, मी पुढच्या खोलीत. नंबर मला पाठ होते. चेहरा एकीचाही ओळखीचा नव्हता.

वर्षाच्या बेरजा करताना बासष्ट नंबरच्या ओळीत एकही खाडा सापडला नाही. गावची यात्रा नाही, सुगी नाही, दुखणे नाही. माझी चूक असेल म्हणून चिठ्ठ्या दोनदा ताडून पाहिल्या. बरोबर होत्या. मग मोठ्या कौतुकाने वही मालकांपुढे नेली. तेही खूश झाले. म्हणाले, "लुगडं देऊया की तिला. सगळ्यांसमोर."

शनिवारी सुटायच्या वेळी बायकांना अंगणात थांबवले. मालकांनी हाक दिली, "बासष्ट नंबर, पुढं या."

कोणी हलेना. तोंडाला पदर लावून खसखस सुरू झाली. मागून एकजण ओरडली, "कोणची बासष्ट, मालक? थोरली का धाकटी?"

त्या दोघी जावा होत्या. बिल्ला थोरलीच्या नावावर. पण एकीचे पोर तापले, एकीची बाळंतपणाची वेळ आली, की दुसरी तोच बिल्ला घेऊन यायची. वखारीत सगळ्यांना हे माहीत होते. फक्त मालकांना आणि मला नव्हते.

"काम अडलं न्हाय मालक," मुकादम खाली बघत म्हणाला. "एक दिवस चाळण रिकामी न्हाय राहिली."

मालक माझ्याकडे वळले. "वहीवर सही तुमची हाय. तुम्हीच सांगा, चालतंय व्हय हे?"

मला गप्प बसता आले असते. पण वर्षभर मी सही करून खोटी हजेरी लिहीत आलो, हेच डोक्यात घुमत होते. मी म्हणालो, "नंबर एकीचाच असतो."

तिथेच निकाल लागला. यायचे तर थोरलीनेच, धाकटीने फाटकात पाय ठेवायचा नाही. आणि महिन्यात सहा खाडे झाले की बिल्ला जमा, हा नियम इतरांसारखा तिलाही.

सोमवारी थोरली माझ्या खिडकीशी आली. चाळिशीची, किडकिडीत, तंबाखूच्या धुळीने डोळे लाल झालेली.

"अण्णा, लुगडं कुणी मागितलंतं तुमाला?"

"तुमचं चांगलं व्हावं म्हणून दाखवलं हो."

"व्हय की! लई चांगलं झालं. धाकटीचं पोर अजून अंगावर पितंय, सासू हातरुणात. आता मी रोज येतो, घर तुमी सांभाळा."

शेजारची बाई हसली. थोरली हसली नाही.

त्या महिन्यात सतरा तारखेपर्यंत तिचे चार खाडे झाले. पाचवा बावीस तारखेला. त्यानंतर मी चिठ्ठी हातात घेतली की आधी बासष्ट शोधायचो. मालकांकडे गेलो, दोघींच्या नावाने एक बिल्ला करता येईल का विचारले. ते म्हणाले, "नियम तुम्हीच सांगितलासा."

सत्तावीस तारखेच्या चिठ्ठीत एकसष्टनंतर त्रेसष्ट होता. मुकादम दारातच उभा होता. हळूच म्हणाला, "लिव्हा की हजर. कोण बघतंय?"

मी महिन्याच्या चिठ्ठ्या काढून आधीचे पाच खाडे पुन्हा मोजले. शेवटी खाडा लिहिला आणि खाली सही केली.

एक तारखेला बासष्ट नंबरचा बिल्ला दुसऱ्या बाईला दिला. वहीत मी फक्त नाव बदलले.