एकही तक्रार नव्हती

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतला आड आटला. म्हणून माझी थोरली बहीण कळशी घेऊन गावच्या विहिरीवर गेली. आम्ही बौद्ध. तिथं दोघांनी तिला काठीनं झोडपलं. उजवा हात कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. ठरलेलं लग्नही मोडलं.

विहिरीशेजारी सोसायटीच्या चेअरमनचं रान होतं. त्यानंच ताईला उचलून बैलगाडीतून घरी आणलं. "म्या डोळ्यानं बघितलंय. उद्या ठाण्यात येतो," म्हणाला.

सरपंचानं मात्र वडलांना चावडीवर बोलावून घेतलं. "गावाची अब्रू वेशीवर टांगू नका, गुरुजी. म्या समज देतो त्यांला." वडील शाळामास्तर, त्यांनी ऐकलं नाही. सकाळी एस.टी.च्या फाट्यावर चेअरमनची वाट बघत उभे राहिले. तो सोलापूरला निघून गेल्याचं कळलं. साक्षीदार नाही म्हणून ठाण्यातून त्यांना तसंच परत पाठवलं.

काही वर्षांनी पंचायत समितीच्या निवडणुकीला सरपंच अन् चेअरमन एकमेकांविरुद्ध उभे राहिले. सरपंच आमच्या अंगणात आला. "माझ्या काळात गावातून एक तक्रार ठाण्यात गेली न्हाई," म्हणाला.

आई म्हणाली, "गेली न्हाई, का जाऊ दिली न्हाई?"

तो हसला, हात जोडून पुढच्या घरी गेला.

दोन दिवसांनी चेअरमन आला. "त्याच्या राज्यात बायामाणसं सुखरूप न्हाईत. तुमच्या लेकीचंच बघा की."

ताई उंबऱ्यात डाळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मग तुमी त्या दिवशी का आला न्हाईत?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. "भावकीतलेच होते ते दोघं. भ्यालो, पोरी."

त्याचं ते बोलणं खरं वाटलं मला. पण पुढच्याच आठवड्यात जळकोटच्या बाजारात तो माईकवर ओरडत होता, "आमच्या एका भगिनीचा हात मोडला, तवा हे सरपंच कुठं होते?" ताई माझ्याशेजारी वांगी घेत होती. गावातली माणसं वळून तिच्या हाताकडं बघायला लागली. तिनं पदर ओढून हात झाकला, पिशवी माझ्याकडं दिली अन् चालू लागली. त्यानंतर ती कधी बाजारात गेली नाही.

मतदानाच्या सकाळी वडील म्हणाले, "त्यानं निदान उचलून तरी आणलं तिला."

"व्हय, आणलं," आई म्हणाली, "अन् मग सोडून दिलं."

आम्ही चौघंही मत देऊन आलो. घरी कुणी कुणाला काही विचारलं नाही. चेअरमन निवडून आला. गुलाल उधळत मिरवणूक वस्तीवरून गेली, तेव्हा ते दोघं काठीवाले त्याच्या बैलगाडीत उभे होते. ताईनं दार लावून घेतलं.

मी त्यालाच शिक्का मारला होता. ताई गेली तोवर तिला ते सांगायचं धाडस मला झालं नाही.