उजवीकडचा काळा पट्टा

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे चिमटेमास्तर म्हणत. बोटांत सदानकदा चिमटा, आणि बोलणंही तसंच, नेमकं आणि टोचणारं. दोन जिने चढून गेलं की त्यांची खोली. आत दिव्याखाली मास्तरांचं टेबल, दारापाशी काउंटर, आणि काउंटरवर बायको. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं खातं तिच्याकडे. कॅमेऱ्यातलं तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण छत्तीस वर्षांत कान असा तयार झाला होता की खटका ऐकूनच ती सांगायची, "अहो, याचं अजून बसलं नाही हं." आणि खरंच बसलेलं नसायचं.

मास्तरांच्या स्वतःच्या जुन्या कॅमेऱ्याबद्दलही ती बोलली होती. "याचा आवाज जरा ओढल्यासारखा येतोय. एकदा उघडून बघा ना."

"बघू. लोकांची कामं आधी."

ते 'बघू' तीन वर्षं चाललं.

मग तिचं दुखणं निघालं. औषधं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "केस आहेत तोवर माझे चार चांगले फोटो काढून ठेवा." भर दुपारी दोघं गच्चीवर गेली. तिनं केस मोकळे सोडले, बांधले, पुन्हा सोडले. "माझ्या कुंड्या पण येऊ देत. त्यांना वाढवायला माझी कंबर गेलीय." म्हणून डावीकडे कुंड्या आणि उजवीकडे खुर्चीत ती. ऊन लख्ख होतं. मास्तरांनी शटरचा सगळ्यात जास्त वेग लावला आणि अकरा फोटो काढले.

खाली उतरताना जिन्यात तिनं कॅमेरा ओढून घेतला. "द्या इकडे. जन्मभर लोकांचे कॅमेरे धरलेत, तुमचा कधी कुणी फोटो काढलाय?"

"अंधार आहे इथे."

"मग वेग कमी करून द्या. एवढं कळतं मला." तिनं श्वास रोखून डोळा लावला. "हसा बघू. नाहीतर कुंड्यांना उद्यापासून तुम्ही पाणी घालायचं."

मास्तर हसले.

पाच महिन्यांनी ती गेली. रोल कॅमेऱ्यातच पडून होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा भिंतीवर लावायला एक फोटो हवा. गच्चीवरचे आहेत ना?" तेव्हा कुठे मास्तरांनी रोल धुवायला दिला.

रोल धुणारा जुना मित्र. निगेटिव्हवरून कागदावर छापलेल्या छोट्या फोटोंची पट्टी त्यानं दिव्याखाली ठेवली आणि बाजूला सरला. "मास्तर, तुम्हीच बघा."

अकराही फोटोंत डावीकडे कुंड्या पानापानांसकट आल्या होत्या. उजवीकडे नुसता काळा पट्टा. पट्ट्याच्या कडेला तेवढं तिचं कोपर आणि मांडीवर ठेवलेला एक हात.

गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न मास्तरांनी स्वतःलाच विचारले. फ्लॅश लावला होता? नाही. भिंगापुढे बोट आलं? मग कड धूसर आली असती. ही सरळ होती, आणि दर वेळी त्याच जागी. धुण्यात चूक? फिल्मच्या काठावरचे आकडे तर स्वच्छ उमटले होते. म्हणजे शटर.

टेबलाशी येऊन त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, भिंग काढलं, खिडकीकडे धरून खटका दाबला. जास्त वेगाला एका कडेपर्यंत उजेड पोचतच नव्हता. कमी वेगाला खिडकी अख्खी दिसली. शटरचे पडदे दोन: पहिला उघडत पुढे जातो, दुसरा मागून झाकत येतो. जुनं तेल सुकून चिकट झालं होतं, पहिला रेंगाळत होता, आणि दुसरा त्याला मधेच गाठत होता. कमी वेगाला पहिल्याला पुरेसा अवधी मिळतो, म्हणून फोटो पुरा येतो.

पुरावा पट्टीतच होता. बाराव्या फोटोवर नखभरही काळं नव्हतं. जिन्यातले मास्तर अख्खे आले होते, दात दिसेपर्यंत हसणारे.

त्यांनी तेल पुसलं, पडद्यांचा ताण जुळवला. सगळं मिळून दीड तासाचं काम. खटका दाबला. आवाज स्वच्छ आला. सवयीनं त्यांनी काउंटरकडे पाहिलं.

संध्याकाळी मुलगी आली. मास्तरांनी काही लपवलं नाही. पडद्यांपासून 'बघू'पर्यंत सगळं सांगितलं.

"एकही नाही, बाबा?"

"हात आलाय. उजवा."

तिनं पट्टीवर वाकून अकराही फोटो पाहिले. मग म्हणाली, "आई रागावली नसती तुमच्यावर."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिथेच सुटलं. "रागावली असती तर बरं झालं असतं गं."

मुलीनं दोन फोटो मोठे करून घेतले. हाताचा आपल्या घरी नेला. बाबांचा हसरा इथे लावते म्हणाली, तर मास्तरांनी लावू दिला नाही. तो त्यांनी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवला. तो फोटो काढताना समोर ती उभी होती, एवढंच त्यांना त्यात दिसायचं.