अण्णाच्या पंगतीतली परदेशी तूर

उदगीरच्या स्टँडवरनं माझी एसटी त्या दिवशी लवकर हललीच न्हाई. वेगळा जिल्हा पाहिजे म्हणून लोकं रस्त्यात बसलेली, अन् सगळ्यात पुढं माझा थोरला भाऊ, अण्णा. बायका घागरी घेऊन टँकरमागं पळत होत्या, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, अन् ह्यांना आधी जिल्हा पाहिजे! आमच्या आईनं, अव्वानं, खिडकीतनं भाकरी-चटणी दिली. म्हणाली, "तिकडं काय मिळंल ते खा, पर उपाशी झोपू नको."

मी निघालो होतो मोझांबिकला. दालमिलमधी तूर पारखायचं माझं काम. दुष्काळात तूरच न्हाई तर पारखतो काय, डोंबल? तिकडं बंदरातल्या गोदामात तूर निवडायची, पोती भरायची, जहाजानं भारतात धाडायची. त्या साली डाळ इतकी महागली होती की अव्वाच्या वरणात नुसतं पाणी. सरकारनं बाहेरच्या तुरीला दार सताड उघडलं होतं. अण्णा फोनवर म्हणाला, "सिद्धू, लई पुण्य लागंल तुला."

पुढल्या साली पाऊस झाला. ज्यानं त्यानं तूरच पेरली अन् भाव आपटला. पुन्हा अण्णाचा फोन. "तुझ्या जहाजानं आमच्या पोटावर पाय दिला. ह्या घराची पायरी चढू नको." जसं काय जहाज मीच हाकत होतो!

मग दिल्लीनं आयातशुल्क लावलं, वर बाहेरची तूर किती यायची त्याचा कोटाबी घातला. गावात पेढे वाटले म्हणे. वाटा की! इकडं माझ्या शेजारच्या मारियानं भारताच्या भरवशावर सगळं रान तुरीचं केलेलं. ती मक्याच्या पिठाचा शिमा, म्हणजे घट्ट उकड, खाणारी. तूर तिच्या घरात कुणी खात न्हाई. तिनं पोतं आणून माझ्या दारात ओतलं. "पात्राओ," म्हणजे मालक, "तुझ्या देशाला सांग, हे आता तूच गिळ." तिकडनं अण्णाच्या शिव्या, इकडनं हिच्या. शुल्काच्या कागदावर ज्यानं सही केली त्याला कुणीच शिव्या देत न्हाई.

आता मोठमोठे देशबी हेच करायलेत. एकानं शुल्क लावलं की दुसरा चिडून लावतो, अन् दोन्हीकडचे पेरणारे मरतात. वर पुन्हा म्हणायचं, आपल्या माणसाला वाचवलं!

तुरीवरचं शुल्क नंतर उठलं. अण्णानं वैतागून सगळ्या रानात सोयाबीन घेतलं. परवा पुतणीचं लग्न झालं. मला पत्रिका न्हाई. मीच अव्वाला फोन केला. विचारलं, पंगतीला वरण कसलं होतं?

"इकतच्या डाळीचं," ती म्हणाली. "आफ्रिकेची स्वस्त पडती म्हणून अण्णानंच आणली."

आधी हसलो, मग लई रडलो. घर म्हणजे आता काय, असं कुणी विचारलं तर सांगतो. जिथं माझी तूर चुलीपर्यंत जाती अन् मला उंबऱ्यावरच अडवतात, ते माझं घर.

अण्णा, तुझ्या लेकीच्या पंगतीत वरणात एक तरी खडा लागला का रे कुणाला? न्हाई लागणार. मी निवडलीय ती.