अद्दीभाऊजींची चौथी हाक

आमच्या अद्दीभाऊजींना धड झोपलेलं कुणी पाहिलं नाही आणि पुरतं जागंही कुणी पाहिलं नाही. चाळीस वर्षं माणूस पाण्यापाशी बसला. समोर भरलेली बादली, तीत तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला सुईएवढं भोक. भरत भरत ती बुडली की एक वाटी झाली. वाडवडिलांकडून ज्याच्या वाट्याला जितक्या वाट्या आल्या, तितका वेळ भुयारी पाटाचं पाणी त्याच्या खजुरांना. घड्याळं आली, मोबाइल आले, पण आमच्या गावात पाणी अजून वाटीनेच मोजतात. वाटीकडे बघून बघून भाऊजींच्या डोळ्यांवर जी झापड बसली, ती चहा पितानाही उतरायची नाही. मी हद्दा, त्यांच्या थोरल्या भावाची बायको. गावची भाकरीची भट्टी माझी. मी म्हणायचे, "भाऊजी, एक दिवस तुम्हीच बुडाल त्या वाटीत." ते म्हणायचे, "बुडू दे, वहिनी. आत गार असेल."

वाटी सोडण्याआधी ते पुकारायचे, "कुणाच्या घरचं?" ज्याची पाळी, त्याच्या घरातल्या माणसाने समोर बसून ओ द्यायची. गडी चालत नाही, नोकर चालत नाही. तीन हाकांत ओ आली नाही की पाणी पुढच्याला. एकदा त्यांनी सख्ख्या भावाची पाळी घालवली, कारण आमचे हे खजुराखाली घोरत पडले होते. मी आठ दिवस भाऊजींशी बोलले नाही.

त्यांची एकुलती एक लेक तूदा. आई लवकर गेली, पोर माझ्या भट्टीच्या उबेला वाढली. संगणकाचं शिकली आणि लांब राजधानीला, रबातला गेली. तिथे दिवसभर फोनवर फ्रान्सच्या लोकांची बोलणी खायची, हीच नोकरी. ईदला चार दिवस यायची. ती गेली की भाऊजी तिचा चहाचा पेला उपडा करून फळीवर ठेवायचे. त्यातून दुसऱ्या कुणाला चहा मिळायचा नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो.

मग कंपनीची माणसं आली. डेटा सेंटर बांधायचं म्हणाले. तीनशे नोकऱ्या देऊ म्हणाले. यंत्रं गार ठेवायला फक्त आठवड्यातली एक दुपार पाणी हवं, धरणाची पाइपलाइन येईपर्यंत. गावाची बैठक बसली. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना, सगळे भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिले.

"देऊ या," भाऊजी म्हणाले. "पण आपल्या रिवाजाने."

त्यांच्या डोळ्यांपुढे पाणी नव्हतं हो, नोकरीला गावी परतलेली तूदा होती. मला कळत होतं, पण मीही नको म्हटलं नाही. 'गावाच्या रिवाजाप्रमाणे' ही ओळ त्यांनी करारात घालायला लावली. कंपनीच्या वकिलाने हसून सही केली.

दोन वर्षं बांधकाम चाललं. खोटं कशाला बोलू, माझी भट्टी दिवसातून तीनदा पेटायची. रस्ता डांबरी झाला, वीज जायची थांबली. मग मजूर निघून गेले आणि मागे उरली एक पांढरी, बिनखिडक्यांची इमारत. दिवसभर मधाच्या पोळ्यासारखी गुणगुणायची. दुपारी ते गुणगुणणं ऐकत सगळं गाव पेंगायचं. तीनशेतल्या अकरा नोकऱ्या राहिल्या: पहारेकरी, झाडूवाले आणि एक माळी, ज्याला बागच नव्हती. डोंगर पोखरून उंदीर काढला मेल्यांनी!

पहिल्या पाळीला कंपनीने पहारेकरी पाठवला, आपल्याच गावचा मोहा.

"कुणाच्या घरचं?"

"कंपनीच्या!" मोहा छाती काढून म्हणाला.

"पगार कोण देतं रे तुला?"

"कासाब्लांकाचा ठेकेदार."

"मग तू ठेकेदाराचा गडी. ऊठ."

अकराही जणांची तीच गत. एवढं मोठं घर, आणि घरचं माणूस एक नाही! गाव आठवडाभर हसत होतं. वकील पुन्हा आला, कागद वाचून चरफडत गेला. कंपनीने टँकर मागवले, आणि महिन्याभराने एक खरी नोकरी काढली, कंपनीच्या शिक्क्याची. आठवडाभर यंत्रांवर लक्ष ठेवायचं आणि त्या एका दुपारी वाटीपाशी बसायचं. ती तूदाला मिळाली.

पेला उलथा होता तो सुलटा झाला. काय सांगू, ते सहा आठवडे मला अजून स्वप्नासारखे दिसतात. वाटीच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक, वर खजुरांची हलती सावली. बोलणं नाही, चालणं नाही. वाटी बुडताना बारीक गुळूक व्हायचं आणि दोघं एकदमच हसायची.

पण उन्हाळा कडक निघाला. पाटाला धार राहिली करंगळीएवढी. कंपनीच्या नंतरची पाळी माझी. माझ्या झाडांचे शेंडे पिवळे पडले, घड गळायला लागले. तूदा येता-जाता बघायची. मी म्हणायचे, "तू नको बघूस गं, झाडं काय, पुन्हा लावता येतात." खजूर लावून फळ धरायला किती वर्षं जातात, ते तिलाही ठाऊक होतं.

सातव्या दुपारी कंपनीचा साहेब गाडीत बसून बघत होता. भाऊजींनी पुकारलं, "कुणाच्या घरचं?"

तूदाने माझ्या झाडांच्या पिवळ्या शेंड्यांकडे पाहिलं.

"कुणाच्या घरचं?"

ती वाटीकडे बघत होती. "बोल की गं पोरी!" मीच ओरडले. माझी झाडं मरत होती आणि मी ओरडले.

"कुणाच्या घरचं?"

"अद्दीच्या," ती म्हणाली.

सगळे पुढच्या पाळीची हाक ऐकायला थांबले, म्हणजे माझ्या पाळीची. भाऊजींच्या डोळ्यांवरची चाळीस वर्षांची झापड मी तेव्हा पहिल्यांदा उडालेली पाहिली. सख्ख्या भावाची पाळी ज्याने तीन हाकांत घालवली, त्या माणसाने तोंड उघडलं आणि चौथी हाक मारली, "कुणाच्या घरचं गं, बाळा?"

"बाबा," तूदा हळूच म्हणाली, "तीन झाल्या."

भाऊजींनी पाटाची माती ओढली आणि पाणी माझ्या झाडांकडे वळवलं. पाणी बघून मी आयुष्यात प्रथमच रडले. तूदाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. तूदा ज्या जागेवरून उठली, तिथे बसायची गावात पुढे कुणाची छाती झाली नाही. कंपनी अजून टँकरच आणते. माझे खजूर त्या वर्षी वाचले. पहिला घड मी भाऊजींकडे घेऊन गेले. त्यांनी चहा केला, मला दिला, स्वतः घेतला. तिसरा पेला फळीवर उपडा होता.