कनातीच्या वर गेलेला चेंडू

निजामाच्या शेवटच्या वर्षांत आम्ही भोकरहून नांदेडला आलो. घरात दोन वेळा चूल पेटत नव्हती, म्हणून माय मुलींच्या शाळेत पाणी भरायची. खेळणाऱ्या पोरी पुरुषांना दिसू नयेत म्हणून मैदानाला कनात लावलेली असे. बाहेरून मला फक्त चेंडू वर येऊन रिंगमध्ये पडताना दिसे.

पगारावर बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंचं नाव मला कधीच कळलं नाही. मायबरोबर घागर घेऊन आत गेले की त्या दिसत; काष्टा घट्ट खोचून त्या स्वतःही खेळत, चेंडू टाकण्याआधी तळहात मातीत घासत.

एकदा पाहणीला आलेले साहेब कनातीबाहेर उभं राहून म्हणाले, "बाई, चेंडू कनातीवरून दिसतो. खालीच खेळवा. उड्या मारायचा पगार घेताव व्हय?"

"हाव, उड्या मारायचाच घेते. तुमी तर नुसतं बघायचा घेताव!"

बाईंनी खांबाची दोरीच सोडली. कनात साहेबांच्या पायाशी पडली.

आज लिहितानाही माझं डोकं तापतं. चेंडूचीसुद्धा लाज वाटायची यांना! बाईंची नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी पोरींनी कनात लावू दिली नाही. पुढं मायनं मलाही त्या शाळेत घातलं; त्याच उघड्या मैदानावर मी खेळले, कॉलेजच्या संघात गेले आणि आमच्या घरातली पहिली बी.ए. झाले.