करमणुकीसाठी प्रवास

बोराटेवस्तीवरच्या सिंधूला सहसा कशाची किळस यायची नाही. एकदा ओढ्यात मेलेलं म्हसरू फुगून वर आलं. गडीमाणसं धोतराचा सोगा नाकाला लावून लांब उभी राहिली आणि हिनं पदर खोचून, दोर बांधून ते ओढून काढलं. अशा बाईला मऊ बोलणाऱ्या, परीटघडीच्या कपड्यांतल्या एका माणसाची शिसारी बसावी, हे ऐकणाऱ्याला पटायचं नाही. पण बसली खरी, आणि ती पुढं कधी उतरली नाही.

सिंधू बारामतीची. वडील मराठी शाळेत मास्तर, त्यामुळं मुलगी असून सातवी पास झालेली. लग्न होऊन ती निमगाव केतकीच्या शिवारातल्या या वस्तीवर आली. नवरा वालचंदनगरच्या साखर कारखान्यात कामाला, सुट्टीपुरता घरी यायचा. ती आणि सासू ठमाबाई विहिरीवरच्या दीड एकरात गवार, वांगी, मेथी काढायच्या. आठवड्यातून दोनदा वस्तीवरच्या बायका अर्ध्या मणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. मधे ओढा. तो उतरून दोन कोस चाललं की सडक लागायची आणि तिथं बारामतीची सर्व्हिस मोटार मिळायची.

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर पुण्याहून अनंत खांबेटे नावाचा तरुण आला. एम. ए. झालेला, डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहीत होता. शेतातला माल बाजारात कसा पोचतो, आणि खेड्यातली माणसं कुठं, कशानं आणि कशासाठी जातात, हा त्याचा विषय. बायका परपुरुषाशी बोलेनात, म्हणून निमगावच्या शाळामास्तरांनी त्याला सिंधूचं नाव सुचवलं.

"सिंधुबाई, आजवर तुमच्या वाटेची कुणी नोंदच केलेली नाही," तो अंगणात उभा राहून म्हणाला. "ती झाली तर सरकारला कळेल, रस्ता कुठं हवा आणि पूल कुठं हवा."

ठमाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "आमी कुटं जातो ते लिवून घिऊन तुमाला काय मिळायचं वो?"

"ज्ञान, आजी."

सिंधूला मात्र ते खरं वाटलं. आपल्या चालण्याची कुणी विचारपूस केली, ही गोष्टच तिला नवी होती.

चार महिने ती ओढ्याच्या काठी बाभळीखाली बसली. तांबडं फुटायच्या आत जायची, बायका उतरायला लागल्या की एकेकीला विचारायची. कोण, कुठली, पाटीत काय, वजन किती, मोटारीपर्यंत किती वेळ लागतो. आधी कच्च्या वहीत टिपून घ्यायची आणि घरी आल्यावर छापील तक्त्यात नीट उतरवायची. तक्त्याचं शेवटचं घर होतं प्रवासाच्या हेतूचं. त्यात चारच हेतू छापलेले: व्यापार, नोकरी, धर्मकार्य, करमणूक.

एके दिवशी कालव्याचं पाणी सुटून ओढा मांडीपर्यंत चढला होता. शेजारची छबूबाई वांग्यांची पाटी घेऊन उतरली. दीड महिन्याची बाळंतीण. मधोमध शेवाळावर पाय घसरला. तिनं तोल सावरायचं सोडून पाटी सावरली, आणि गुडघा खडकावर फुटला, हातातल्या बांगड्याही फुटल्या. सिंधू पाण्यात धावली. दोघींनी मिळून निम्मी वांगी गोळा केली, बाकीची वाहून गेली. छबूबाईनं गुडघ्याला चिंधी बांधली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

"अगं, आज ऱ्हाऊ दे की," सिंधू म्हणाली.

"ऱ्हाऊन कसं भागंल? वांगी काय उद्यापत्तुर थांबत्यात व्हय?"

सिंधूनं त्या दिवशी तक्त्याच्या कडेला बारीक अक्षरात सगळं लिहिलं. ओढ्यात पडली, निम्मा माल गेला, तशीच पुढं गेली, परतताना बाजारात बांगड्या भरल्या. हेतूच्या घरात व्यापार.

शिमग्याच्या सुमारास शेवटचे तक्ते घेऊन ती बारामतीला गेली. खांबेटे तेव्हा झुंबररावांकडे राहायला गेला होता. झुंबरराव म्हणजे अडतीचे मोठे व्यापारी; वस्तीवरच्या बायकांची भाजी त्यांच्याच अडतीला जायची. त्यांच्या तीन लॉऱ्या होत्या, ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठा मळा होता, आणि लॉऱ्या त्या मळ्यापर्यंतच येत. खांबेटे ओसरीवर गादीला टेकून संत्रं सोलत होता. अंगाला पावडरीचा वास. समोर सिंधूनं आधी पाठवलेले तक्ते पसरलेले, आणि त्यांवर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा.

सिंधूनं वाकून पाहिलं. पायी जाणाऱ्या बायकांच्या ओळीच्या ओळी खोडलेल्या. छबूबाईची ओळ तेवढी शिल्लक होती, पण व्यापार खोडून तिथं लिहिलं होतं, करमणूक.

"हे कुणी केलं?"

"मीच," तो सहज म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय ना, बाजारात तिनं बांगड्या भरल्या म्हणून? अर्धी पाटी भाजी म्हणजे काही व्यापार नव्हे. आणि डोक्यावरचं ओझं वाहतुकीत धरता येत नाही. वाहतूक म्हणजे वाहन."

"बांगड्या ओढ्यात फुटल्या तिच्या. मोकळ्या हातानं घरी कशी जाईल बाई?"

"सिंधुबाई, कोष्टक नीट जुळावं लागतं. शेवटी वाचणार कोण? तीन परीक्षक."

"एक दिवस पाटी घेऊन ओढ्यातून चला माझ्याबरोबर. मग लिहा काय लिहायचं ते."

तो हसला. संत्र्याची बी त्यानं दोन बोटांनी ओठांवरून उचलली आणि कुठं टाकावी कळेना, म्हणून छबूबाईच्या तक्त्यावर ठेवली. "अहो, आम्ही निरीक्षण करायचं असतं. चालायचं नसतं."

आतून झुंबरराव आले, खांबेट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, पानं वाढलीत. आज मटण हाय." त्या जेवणाचा वास ओसरीवर आला आणि सिंधूनं पदर नाकाला लावला. हातातले तक्ते तिनं दिलेच नाहीत. पण आधीचे सगळे त्याच्याच ताब्यात होते.

वर्षभरानं बांधकाम खात्याचा एक ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन शिवारात आला. ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा दगडी पूल, बांधायचं ठरलं होतं. सिंधू कच्ची वही घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. माणूस भला होता. त्यानं वहीची पानं उलटून पाहिली, मग पिशवीतून खांबेट्याच्या टाइप केलेल्या इंग्रजी प्रबंधाची प्रत काढून त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिहिलंय?" सिंधूनं विचारलं.

तो वाचायला कचरला. "की खालच्या वाटेनं फारशी वाहतूक नाही. बायका जातात, त्या बहुतेक करमणुकीसाठी."

"आणि ही वही?"

"बाई, ही तुमच्या हातची. ते विद्यापीठानं मान्य केलेलं. वर विचारलं तर मी काय दाखवू?"

फरशी वर, झुंबररावांच्या मळ्यापाशी झाली.

सिंधूनं हे बायकांना ओढ्यातच सांगितलं, डोक्यावर पाट्या असताना. छबूबाई पाण्यात पचकन थुंकली. ठमाबाई म्हणाली, "करमणूक व्हय? त्येच्या आईला पाटी दिऊन बगा म्हनावं." हसू कुणालाच आलं नाही.

त्या दिवसापासून बायकांनी झुंबररावांच्या अडतीला भाजी घालायचं सोडलं. वस्तीवरच्या गेणूची बैलगाडी ठरवली. सगळ्या पाट्या एकाच गाडीत भरून ती ओढा टाळून वालचंदनगरच्या वसाहतीकडे जाऊ लागली. कुणाची भाजी कधी तोडायची आणि कधी भरायची, हे सिंधू ठरवायची, म्हणजे मेथी कोमेजायची नाही. भाव बारामतीइतका मिळेना. दोघीतिघी कुरकुरून पुन्हा ओढ्याच्या वाटेला लागल्या. उरलेल्या मात्र गाडीवरच राहिल्या.

अठ्ठावन्न साली खांबेटे परत आला. आता डॉक्टर खांबेटे. बारामतीत त्याचा सत्कार झाला, हार झुंबररावांनी घातला. दुसऱ्या दिवशी नव्या तक्त्यांचा गठ्ठा घेऊन तो वस्तीवर हजर झाला.

"सिंधुबाई, प्रबंधाच्या सुरुवातीला तुमचे आभार मानलेत मी. झुंबररावांच्या नावाखालीच तुमचं नाव आहे. आता बैलगाडीनं माल नेणाऱ्यांचा अभ्यास करायचाय. तुमची गाडी म्हणजे उत्तम उदाहरण."

झुंबररावांच्या खाली आपलं नाव. "ते खोडा," सिंधू म्हणाली.

"आता कसं खोडणार? मान्य झालंय ते."

"तुम्हाला खोडता येतं. मी पाहिलंय."

त्याचा चेहरा पडला. तरी गठ्ठा पुढं करून तो म्हणाला, "निदान वाचून तरी पाहा."

सिंधूनं गठ्ठा घेतला, न उघडता अंगणाबाहेर नेला आणि त्याच्या सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून ठेवला. मग हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात राखेनं घासून धुतले, आणि घरात भाकरी थापायला बसली.